गवत, हिरवळ आणि एक गंजलेले यंत्र

१.
कर्जत-खालापूर परिसरातील एखाद्या जुन्या बंगल्याच्या पडवीत, अडगळीच्या सामानाखाली, कधी कधी एक चमत्कारिक वस्तू सापडते. दोन बिडाची चाके, त्यांच्यामध्ये पिळदार पात्यांचा पिंजरा, मागे एक रूळ आणि वर लांब दांडा. गंज इतका चढलेला की पाती जागची हलत नाहीत. भंगारवाला ती वजनावर घेतो. ही वस्तू म्हणजे रीळ पद्धतीचा लॉनमोअर, हिरवळ कापण्याचे हातयंत्र. इंग्लंडची कापडगिरणी, मुंबईचे मैदान, पुण्याचा क्लब आणि कर्जतचे गवत या चार गोष्टी तिच्याभोवती एकत्र येतात. ते यंत्र घरच्या घरी पुन्हा चालते करणे म्हणजे या चारही गोष्टी वाचणे होय. हा धागा त्या वाचनाचा.

२.
प्रथम यंत्रापूर्वीचा काळ. सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वाड्यापुढची आखूड हिरवळ हे श्रीमंतीचे लक्षण होते. जमीन आहे, पण तिच्यावर पीक घेण्याची गरज नाही, हे दाखवण्याचा तो मार्ग. ती आखूड ठेवण्याचे उपाय दोनच : मेंढ्या चरायला सोडणे, किंवा लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने माणसांकडून कापून घेणे. दुसरे काम कौशल्याचे होते. गवत दवाने ओले असताना, पहाटे, कापणारे एका रांगेत पुढे सरकत. हात जरा चुकला की हिरवळीवर टक्कल पडे. साधारण घराला ही चैन परवडणारी नव्हती.

३.
यंत्राचा जन्म मात्र बागेत झाला नाही. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाचा प्रदेश. विणून झालेल्या कापडावर बारीक लव राहते. ती सारखी कापून पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी तिथल्या गिरण्यांत फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बिअर्ड बडिंग हा त्या परिसरातला यंत्रज्ञ. कापडाची लव ज्या रीतीने कापली जाते, त्याच रीतीने जमिनीवरचे गवतही कापता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. जॉन फेराबी या कारखानदाराशी त्याने भागीदारी केली आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी या कल्पनेला पेटंट मिळाले.

४.
बडिंगचे यंत्र १९ इंच रुंद आणि लोखंडी सांगाड्याचे होते. मागचा जड रूळ जमिनीवर फिरे, दातेरी चक्रांतून ती गती पुढच्या रिळाला मिळे आणि रुळाच्या एका फेऱ्यात पात्यांचे अनेक फेरे होत. खरी करामत मात्र न फिरणाऱ्या भागात होती. रिळाच्या खाली एक सरळ, स्थिर पाते बसवलेले असते. त्याला तळपाते म्हणू. फिरते पाते गवताची काडी ओढून तळपात्यावर आणते आणि दोन धारांच्या मध्ये ती कातरली जाते. दोन शतके होत आली तरी या रचनेत मूलभूत बदल झालेला नाही.

५.
म्हणजे हे यंत्र विळ्याच्या नव्हे, कात्रीच्या कुळातले आहे. विळ्याने कापताना गवत मुठीत धरावे लागते. लांब दांड्याचा विळा वेगाने गवत तोडतो. आजचा इंजिनाचा किंवा विजेचा नेहमीचा मोअर तर एक आडवे पाते प्रचंड वेगाने फिरवून गवतावर आपटतो, त्यामुळे पातीचे टोक फाटते आणि पुढे तपकिरी पडते. रिळाच्या यंत्रात आघात नाही, कातर आहे. काप स्वच्छ राहतो. क्रिकेटची मैदाने आणि गोल्फची हिरवळ आजही रिळाच्या यंत्रांनीच कापतात, त्याचे कारण हेच.

६.
प्रसार झपाट्याने झाला. इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने १८३२ पासून परवान्याने ही यंत्रे बनवली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिशास्त्रीय उद्यान हे सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक. लांब विळा घेतलेली सहा ते आठ माणसे जेवढे काम करतील तेवढे हे यंत्र करते, असा तिथल्या मुकादमाचा अनुभव होता. १८५९ मध्ये लीड्सच्या टॉमस ग्रीनने साखळीवर चालणारे यंत्र आणले. त्याचे नाव ‘सायलेन्स मेसर’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘मूक कापणारा’. मोठी यंत्रे घोडा ओढी आणि खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. पेट्रोलवर चालणारे यंत्र रॅन्समने १९०२ मध्ये विक्रीस आणले.

७.
या यंत्राने केवळ बागा बदलल्या नाहीत, खेळही बदलले. चेंडू सरळ उसळायचा तर गवत आखूड आणि सारखे हवे. १८७४ मध्ये वॉल्टर विंगफील्डने ज्या लॉन टेनिसचे पेटंट घेतले, त्याच्या नावातच हिरवळ आहे. विम्बल्डनच्या क्लबने १८७७ मध्ये पहिली टेनिस स्पर्धा भरवली, त्यामागचा एक हेतू मोठा गमतीचा सांगितला जातो : क्लबचा घोड्याने ओढायचा रूळ नादुरुस्त झाला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते. हिरवळीच्या एका जुन्या अवजाराची डागडुजी अशा रीतीने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध टेनिस स्पर्धेच्या मुळाशी आहे.

८.
हिंदुस्थानात ही कापलेली हिरवळ छावण्या, बंगले आणि जिमखान्यांबरोबर आली. बॉम्बे जिमखाना १८७५ चा. पण इथले हवामान इंग्लंडचे नव्हते. पावसाळ्याचे चार महिने गवत डोळ्यांदेखत वाढते आणि दिवाळीनंतर पाणी न मिळाल्यास वाळून जाते. इथे हिरवळ टिकवायची म्हणजे वर्षभर कोणीतरी पाणी घालणे, तण काढणे, कापणे आणि रूळ फिरवणे आलेच. इंग्लंडात यंत्राने माणसांची संख्या कमी केली. इथे मजुरी इतकी स्वस्त होती की यंत्राबरोबर माणसेही राहिली, आणि घोड्याच्या जागी बैल आले. ताजमहालाच्या बागेत बैलांनी ओढलेला मोअर अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत प्रवाशांनी पाहिला आहे.

९.
मुंबईत तर गवत हा संघर्षाचा विषय झाला. फोर्टबाहेरच्या परेड मैदानावर एतद्देशीय तरुण, विशेषतः पारशी, क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर युरोपियन मंडळी पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि त्या खडबडीत जागेवर क्रिकेट खेळणे धोक्याचे होई. १८८१ मध्ये एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला की पोलो अन्यत्र हलवावा. बॉम्बे जिमखान्याकडे स्वतःसाठी राखलेली उत्तम हिरवळ होतीच, पण तिथे या अर्जदारांना प्रवेश नव्हता. हा झगडा काही वर्षे चालला. शापुरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये त्याचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे समुद्राच्या बाजूला पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाल्या.

१०.
आता एक साधा प्रश्न. ते पोलोचे घोडे, ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी खात काय होत्या? शहरात चारा पिकत नव्हता. तो बाहेरून येई, आणि ‘बाहेर’ म्हणजे बव्हंशी ठाणे व कुलाबा जिल्हे. १८५६ मध्ये लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. १८६३ मध्ये बोरघाटाचा टप्पा खुला झाला. त्यामुळे उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांचे खोरे मुंबईच्या बाजाराशी जोडले गेले. भात, लाकूड आणि गवत यांना गिऱ्हाईक मिळाले.

११.
इथे एक सूचना अभ्यासूंसाठी. कर्जत तालुका एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा त्याचाच पेटा होता. हा भाग नंतर कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे या भागाची जुनी माहिती शोधताना केवळ कुलाब्याचे गॅझेटियर चाळून भागत नाही. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही उघडावे लागते. स्थानिक इतिहासाची पुष्कळ कामे या एका चुकीमुळे अर्धवट राहतात.

१२.
कर्जत-खालापूरची जमीन दोन प्रकारची. सखल खाचरांत भात. उतारावर, डोंगरकडेला वरकस, तिथे नाचणी-वरी आणि अनेक ठिकाणी नुसते गवत. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात गवताला कोणी पेरावे लागत नाही. दसऱ्यानंतर ते पिवळे पडू लागले की कापणी सुरू होई. विळ्याने मूठ मूठ कापायचे, पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावरून खाली आणायचे, गंजी रचायच्या. या कामात कातकरी आणि ठाकूर समाजांतील स्त्रीपुरुषांचे श्रम मोठे होते. तेच लोक एरवी जंगलात लाकूडतोड आणि कोळसा भट्टीवर राबत.

१३.
एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना गवताचे दोन अर्थ झाले. वरच्या टोकाला गवत हे पीक : जितके उंच वाढेल तितके बरे, कारण ते विकायचे आहे. खालच्या टोकाला, जिमखान्यात, गवत ही शोभा : जितके आखूड राहील तितके बरे, आणि कापलेले टाकून द्यायचे. एका ठिकाणी कापणारा विकण्यासाठी कापतो, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याने खेळावे म्हणून. मराठीत ‘गवत’ आणि ‘हिरवळ’ हे दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांमधले अंतर या यंत्राइतके स्पष्ट दुसरे कोणी दाखवत नाही.

१४.
हिरवळीची निगा राखणाऱ्यांची नावे इतिहासात सहसा उरत नाहीत. एक नाव उरले, तेही वेगळ्या कारणाने : पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. वडील सैन्यात नोकरीला. कुटुंब चांभार समाजातले, त्या काळच्या रूढीनुसार अस्पृश्य मानलेले. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात बाळू मैदान झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे काम करू लागले, महिना तीन रुपयांवर. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले, पगार चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, तिच्यावर रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसच्या मैदानांची आखणी करणे ही त्यांची कामे.

१५.
त्या जाळीत इंग्रज खेळाडूंना सराव देता देता बाळू असामान्य डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. कॅप्टन ग्रेगसारखा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. गोलंदाजी हे कामाचेच अंग मानले गेले. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावरही आरंभी त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. रूळ ओढणाऱ्या इतर हातांची अशी कोणतीही सही कुठे नाही.

१६.
यंत्राच्या बाजूनेही या कथेचा एक मराठी नातलग आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान थाटले. त्यांच्या कारखान्याचे पहिले शेतीयंत्र नांगर नव्हे, तर कडबा कापण्याचे यंत्र. लोखंडी नांगर त्यानंतर, १९०३ मध्ये आला, आणि किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये. कडबा कापणीच्या यंत्रात चाकावरची वक्र पाती एका स्थिर धारेसमोरून जातात आणि मधला कडबा कातरला जातो. म्हणजे तत्त्व बडिंगचेच : एक धार फिरती, एक स्थिर. एका ठिकाणी ते हिरवळ सजवते, दुसऱ्या ठिकाणी बैलाच्या पोटात जाते.

१७.
हे सारे ध्यानात घेऊन पडवीतल्या त्या गंजलेल्या यंत्राकडे यावे. ते केवळ दुरुस्तीचे काम नाही. ते एक ऐतिहासिक साधन आहे, आणि साधनावर पहिला नियम लागू होतो : आधी नोंद, मग हात. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बिडावर ओतलेली अक्षरे पाहावीत : इप्सविच, लीड्स, आर्ब्रोथ यांसारखी गावांची नावे, पेटंटचा क्रमांक, इंचांतली रुंदी, एखाद्या विक्रेत्याची पितळी पट्टी. पात्यांची संख्या मोजावी. रंगाच्या थरांखाली मूळ रंग कोपऱ्यात जपलेला असतो, तो टिपावा. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून पाच मिनिटांत जे चकचकीत होते, त्यातून हा सर्व पुरावा निघून जातो. चिंचेने घासलेले जुने नाणे आणि ऑइलपेंट फासलेला शिलालेख यांची जी गत होते तीच.

१८.
नंतर यंत्र सुटे करणे. जाम झालेल्या नटांवर रॉकेल किंवा पातळ तेल सोडून दिवस-दोन दिवस वाट पाहावी. बीड ठिसूळ असते, हातोड्याने तडकते. इथे एक मौज आहे. जुन्या इंग्रजी यंत्राच्या नटांना मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत, कारण ते व्हिटवर्थ मापाचे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आटे आणि नट यांचे हे प्रमाण सुचवले. भारताने दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये केला. म्हणजे कोणता पाना बसतो, यावरूनही यंत्राच्या काळाचा अंदाज करता येतो. सरकत्या जबड्याचा पाना घडवणाऱ्यांत खुद्द बडिंगचेही नाव घेतले जाते, हा आणखी एक योगायोग.

१९.
सुटे करताना तीन गोष्टींचे भान हवे. एक : रिळाचे एक पाते ढकलले की बाकीची सर्व फिरतात आणि बोट तळपात्यावर सापडते. म्हणून जाड चामडी हातमोजे घालावेत आणि रिळात लाकडाची पाचर अडकवून ठेवावी. दोन : जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासू नये, पाण्याने ओले करून घासावे, तोंडावर मास्क असावा. तीन : चाकांच्या आत खटके असतात. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे यंत्र पुढे ढकलले की ते पात्यांना फिरवतात आणि मागे ओढले की मोकळे राहतात. डाव्या-उजव्या बाजूचे भाग एकमेकांत चालत नाहीत. दोन्ही बाजू दोन वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

२०.
कर्जतच्या दमट हवेत गंज हा कायमचा शत्रू. लहान पोलादी भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास भिजवले की गंज सुटतो. पण बाहेर काढताच धुऊन, पूर्ण कोरडे करून लगेच तेल लावावे लागते. अन्यथा दुसऱ्या दिवशी तांबूस थर पुन्हा हजर. बिडाच्या मोठ्या भागांना हाताने, मऊ ब्रश आणि रॉकेल पुरेसे. दातेरी चक्रांतले काळे, घट्ट झालेले जुने ग्रीस खरवडून नवे भरावे. ओतीव अक्षरांवर नवा रंग जाड चढवू नये, कारण ती यंत्राची जन्मनोंद आहे.

२१.
सर्वांत मोठी चूक धार लावताना होते. विळ्याला लावतो तशी प्रत्येक पात्याला कानशीने वेगळी धार लावली, की रिळाचा गोलाकार बिघडतो आणि काही पाती तळपात्याला टेकतच नाहीत. येथे पाती एकेकटी धारदार असून उपयोग नाही, ती सर्व एकाच वर्तुळावर असली पाहिजेत. म्हणून रीत उलटी आहे. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट पात्यांच्या कडांना लावायची, रीळ तळपात्याला हलकेच टेकवायचे आणि उलट दिशेने फिरवीत राहायचे. दोन्ही धारा एकमेकींना घासून जुळतात. मग पेस्टचा कणही उरणार नाही इतके स्वच्छ धुवायचे. पात्याला खोल खाच असेल, तर मात्र काम लेथ किंवा ग्राइंडिंगच्या कारखान्यात न्यावे.

२२.
शेवटची जुळणी तळपात्याच्या दोन टोकांच्या स्क्रूंनी होते. दोन्ही बाजूंना अगदी थोडे थोडे फिरवायचे. परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाची : एक पट्टी तळपात्यावर धरून रीळ सावकाश दांड्याने फिरवायचे, बोटे लांब ठेवायची. पट्टी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कात्रीने कापावी तशी कापली गेली, तर जुळणी झाली. कागद दुमडला तर अंतर जास्त आहे. रीळ जड फिरले तर घट्ट बसले आहे. नीट जुळलेल्या यंत्रात पाती एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात, आणि आवाज येतो तो नुसता सळसळता. ‘मूक कापणारा’ हे नाव तेव्हा पटते.

२३.
आता यंत्र चालवून पाहावे, म्हणजे ते स्वतःच साक्ष देऊ लागते. श्रावणात कर्जतच्या अंगणातले गवत एका आठवड्यात घोट्यावर येते, पंधरवड्यात त्याहून वर. एवढे उंच गवत रिळाच्या यंत्राला कापता येत नाही. पाती ते नुसते पुढे लोटतात. ओल्या गवतात चाके घसरतात. म्हणजे हे यंत्र मुळात वाढलेले गवत कापण्यासाठी नाहीच. आधीच आखूड असलेली हिरवळ आखूड ठेवण्यासाठी ते आहे, आणि त्यासाठी ते दर चार-सहा दिवसांनी चालवावे लागते. पूर्वी ज्या बंगल्यात ते होते, तिथे उन्हापावसात नियमाने ते ओढणारा माणूस होता. कोणत्याही कागदावर त्याचे नाव नसले, तरी यंत्राची रचनाच त्याचे अस्तित्व सिद्ध करते.

२४.
बडिंगच्या पेटंटमध्ये असा आशय आहे की खेड्यात राहणाऱ्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम मिळेल. हिंदुस्थानात साहेबाने तो व्यायाम बहुधा दुसऱ्यावर सोपवला. याचा पुरावा यंत्रावरच शोधता येतो. लाकडी दांड्याची मूठ पाहावी. वर्षानुवर्षांच्या हातांनी ती एका जागी झिजून गुळगुळीत झालेली असते. पुष्कळ जण दुरुस्ती करताना हीच मूठ रंधून काढतात किंवा नवी बसवतात. ते टाळावे. लाकूड कुजले नसेल तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून जवसाचे तेल लावावे. बिडावरची अक्षरे कारखानदाराची नोंद आहे. ही झीज कामगाराची.

२५.
आज कर्जत-खालापूरच्या वरकस जमिनींवर शेतघरे आणि रिसॉर्ट उभे आहेत. जिथे पूर्वी गवत उंच वाढवून विकत, तिथेच आता विकतची हिरवळ अंथरून ती आखूड ठेवतात. विळ्याने गवत कापणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांतले काही जण आता त्या हिरवळींवर माळीकाम करतात. जिमखान्यात आणि गवताच्या माळावर जे दोन अर्थ होते, ते आता एकाच कुंपणाच्या आत आले आहेत. गवताची कापणी, गंजी, रेल्वेने जाणारा चारा हे सर्व पाहिलेली वडीलधारी माणसे गावांत अजून भेटतात. त्यांच्या आठवणी मात्र फार थोड्यांनी लिहून घेतल्या आहेत.

२६.
म्हणून यंत्र जुळवून झाल्यावर एक काम उरते. एका वहीत यंत्राची नोंद करावी : कुठे सापडले, कोणत्या घरातून आले, अंगावर काय लिहिले आहे, कोणता भाग बदलला, कोणता तसाच ठेवला. त्याच वहीत पुढच्या पानावर गावातल्या एखाद्या आजीला किंवा आजोबांना विचारून लिहावे : गवत कोण कापीत असे, कोणत्या महिन्यात, भाऱ्याला काय मिळे, वखार कुठे होती, बंगल्यावर माळी कोण होता. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, तारीख घालावी. यंत्राला तेल लावून ते कोरड्या जागी ठेवावे, आणि वही त्याच्या जवळच. पुढे कोणी ते यंत्र उचलील, तेव्हा त्याला दोन्ही मिळाली पाहिजेत.